रोबो की हात? त्याआधी कोणता कान?

पत्र: माझी आई 66 वर्षांची आहे, आम्ही साताऱ्याला राहतो. गेली काही वर्षं तिचं ऐकणं कमी होत गेलं. आता दोन्ही कानांना चांगली मशिनं लावूनही ‘नुसता आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ म्हणते. पुण्याच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात इलेक्ट्रोडची तार बसवून ऐकू आणणारं यंत्र) सुचवलंय. ऑडिओग्राम, सीटी, एमआरआय सगळं झालं. आईला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. लग्नानंतर लगेच तिला टीबी झाला होता, तेव्हा बरेच महिने इंजेक्शनं घेतली होती. अंधारात ती भेलकांडते. दिवाळीत रात्री बाथरूमला जाताना पडली आणि मनगट मोडलं. ऑपरेशननंतर तोल जातो असं कुणीतरी सांगितल्यापासून तिनं धसका घेतलाय. म्हणते, ‘ऐकू नाही आलं तरी चालेल, पण पडून अंथरुणाला खिळायचं नाही मला.’ धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे रोबो लावून हे ऑपरेशन करतात, त्यात तोलाला धक्का लागत नाही, आईला इकडेच पाठव. डॉक्टर म्हणतात, हातानं व्यवस्थित होतं, काळजी करू नका. मी कुणाचं ऐकू?
– एक मुलगी, सातारा

ताई, नमस्कार.

तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, आणि डॉक्टरांचंही चुकत नाही. पण ते दोघं ज्या प्रश्नावर बोलताहेत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा: आईंच्या उजव्या कानात तोल सांभाळायची ताकद किती उरली आहे आणि डाव्या कानात किती, हे कुणी मोजलंय का? तुम्ही दिलेल्या यादीत ऑडिओग्राम आहे, सीटी आहे, एमआरआय आहे. तोलाची एकही तपासणी नाही.

मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. टीबीची इंजेक्शनं. आईंच्या लग्नाच्या सुमारास, म्हणजे साधारण 1980 च्या आगेमागे, आपल्याकडे टीबीवर महिनोन्महिने टोचलं जाणारं इंजेक्शन बहुतेक वेळा स्ट्रेप्टोमायसिनचं असायचं. त्या औषधानं असंख्य माणसं वाचवली. पण ते आतल्या कानाला बाधतं, आणि त्यातही ऐकण्याच्या पेशींपेक्षा तोलाच्या पेशींना जास्त. हे नुकसान दोन्ही कानांत सारखंच झालं तर माणसाला गरगरत नाही, कारण दोन्ही बाजू एकदमच गप्प झालेल्या असतात. त्रास वेगळाच होतो. उजेडात माणूस नीट चालतो, अंधारात भेलकांडतो. वाळूवर, ओल्या मातीवर, जाड गादीवर पाय ठरत नाही. चालता चालता दुकानाची पाटी वाचायची तर थांबावं लागतं, कारण पावलागणिक अक्षरं हलतात. आईंना एवढं तिसरं जरूर विचारा. त्या ‘हो’ म्हणाल्या, तर त्यांचा तोल ऑपरेशनच्या कितीतरी आधीच अधू झालेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग रोबोनं काय वाचवायचं हा हिशेबच बदलतो. त्या काळातली एखादी चिठ्ठी, जुनी फाइल, सॅनेटोरियमचं कार्ड घरात सापडलं तर फेकू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता या ऑपरेशनचा आणि तोलाचा संबंध काय ते सांगते.

ऐकण्याचा अवयव कॉक्लिया आणि तोलाचे अवयव हे कवटीच्या एकाच हाडात, एकाच पोकळीत असतात आणि त्यांच्यातला द्रवही एकच. एका टाकीवरचे दोन नळ म्हणा. एका नळाशी खटपट केली की दुसऱ्याच्या दाबाला झटका बसायचाच. तोलाचे अवयव प्रत्येक कानात पाच: डोकं कुठल्या दिशेला फिरलं हे सांगणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि गुरुत्वाकर्षणाचा अंदाज देणारे युट्रिकल आणि सॅक्युल हे दोन. यातलं सॅक्युल कॉक्लियाला अगदी लागून असतं. त्यामुळे इम्प्लांटनंतर काही दुखावलं तर बहुधा पहिलं तेच.

दुखावतं कसं, तर अनेक वाटांनी. कानामागचं हाड ड्रिलनं कोरलं जातं, त्याची थरथर आत पोचते. आतल्या कानाचं दार, म्हणजे राउंड विंडोचा पातळ पडदा, उघडताना द्रवाचा दाब क्षणात बदलतो. मग वीस-पंचवीस मिलिमीटर लांबीची, अतिशय बारीक टोकाची इलेक्ट्रोडची तार आत सरकवायची. ती सरकताना दाब वाढतो. आणि ती भरकटून, कॉक्लियातल्या दोन मार्गांमधला नाजूक पडदा फाडून वरच्या मार्गात घुसली, तर इजा जास्त होते. काही दिवसांनी तारेभोवती सूज येते, महिन्यांनी तिथे चिवट ऊतक वाढू शकतं. कुणाच्या बाबतीत द्रवाचं संतुलन बिघडून काही महिन्यांनंतर चक्करेचे झटके सुरू होतात. ही यादी मुद्दाम दिली, कारण यातल्या किती गोष्टींवर रोबोचा ताबा असतो हे तुम्हाला बघता यावं.

आणि तरीही घाबरू नका असं मी का म्हणते? 2017 मध्ये माँट्रियलच्या एका गटानं इम्प्लांटच्या आधी आणि नंतर तोल मोजलेल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात कानात पाणी सोडून केलेली कॅलरिक चाचणी आणि सॅक्युलशी संबंधित व्हेम्प ही चाचणी (दोन्हींबद्दल पुढे सांगते), दोन्हींत ऑपरेशननंतर लक्षणीय घट दिसली. पण डोक्याला झटका देऊन केलेली चाचणी, उभं राहण्याचा तोल मोजणारं यंत्र आणि रुग्णाला स्वतःला होणारा त्रास मोजणारी प्रश्नावली, या तिन्हींत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे यंत्राला नुकसान दिसतं, पण ते दर वेळी माणसाच्या चालण्यात उतरतंच असं नाही. मेंदू जुळवून घेतो. मात्र जुळवून घ्यायला त्याच्याकडे दुसरा चांगला कान हवा, नीट दिसणारे डोळे हवेत आणि जमिनीची खबर देणारे तळपाय हवेत. आईंच्या बाबतीत माझी काळजी इथे आहे.

आता रोबो. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतं, एक यंत्र सगळं ऑपरेशन करतंय आणि सर्जन काचेमागे बसलाय. तसं नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या क्षेत्रात रोबो या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी असा रोबो तयार केला, जो स्कॅनवरून मार्ग आखून कानामागच्या हाडातून थेट आत जाणारा जेमतेम 1.8 मिलिमीटर व्यासाचा बोगदा कोरतो. त्यानं पहिल्या रुग्णावर ऑपरेशन झालं 2016 मध्ये. तो मुख्यतः वाट काढतो. फ्रान्सचा रोबोटॉल हा एक यांत्रिक हात आहे. सर्जन बाजूला बसून तो चालवतो, हाताचा कंप त्यात उतरत नाही आणि तार अतिशय हळू आत जाते. तिसरं अमेरिकेतलं आयोटासॉफ्ट. तुमचा भाऊ बहुधा याबद्दल बोलतोय. त्याला तिथल्या एफडीएची परवानगी ऑक्टोबर 2021 मध्ये मिळाली. ते एक छोटं, एकदाच वापरायचं साधन आहे. स्क्रूनं हाडावर बसवतात, सर्जन पायाच्या पेडलनं चालवतो आणि ते तार ठरलेल्या गतीनं पुढे ढकलतं. बस्स, एवढंच. त्याआधीचं सगळं, चीर देणं, हाड कोरणं, चेहऱ्याची नस सांभाळत मधल्या कानापर्यंत पोचणं, राउंड विंडो उघडणं, हे सर्जनच्या दोन हातांनीच होतं. वर दिलेली यादी पुन्हा बघा. आयोटासॉफ्टचा ताबा त्यातल्या एकाच टप्प्यावर आहे.

पण तो टप्पा मोलाचा आहे, हे मी मनापासून मानते. माणसाच्या हाताला एक मर्यादा आहे. कितीही मुरलेला सर्जन असला तरी गती सेकंदाला साधारण एक मिलिमीटरच्या खाली नेली की हात सलग सरकत नाही. थोडं ढकलतो, थांबतो, पुन्हा ढकलतो. मायक्रोस्कोपखाली ते स्पष्ट दिसतं: चिमट्यात धरलेली तार किंचित पुढे जाते, चिमटा सुटतो, मागे येऊन पुन्हा धरतो, आणि तेवढ्यात तार केसभर मागे घसरते. रोबो सेकंदाला 0.1 मिलिमीटरनंही सलग जाऊ शकतो. म्हणजे 25 मिलिमीटरची तार आत जायला चार मिनिटांहून जास्त वेळ. एवढा सावकाशपणा हातानं साधत नाही.

सावकाश गेल्यानं तोल वाचतो का? याचा एक चांगला पुरावा रोबोचा नाहीच, हाताचा आहे. ऑस्ट्रेलियात डॉ. गुणेश राजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दोन गतींची तुलना प्रसिद्ध केली: मिनिटाला 60 मिलिमीटर आणि मिनिटाला 15 मिलिमीटर. हळू गेलेल्या गटात उरलेलं ऐकणंही जास्त टिकलं आणि तोलही. तेव्हा ‘हळू जा’ ही मागणी तुम्ही पुण्याच्या सर्जनकडेही करू शकता. चांगले सर्जन ती स्वतःहूनच पाळतात. जर्मनीचे एर्न्स्ट लेनहार्ट यांनी 1993 मध्येच ‘सॉफ्ट सर्जरी’ची पद्धत मांडली: आतला कान उघडताना रक्त आणि हाडाचा भुगा आत जाऊ द्यायचा नाही, द्रव शोषून घ्यायचा नाही, तार जबरदस्तीनं ढकलायची नाही. बर्लिनच्या एका गटानं 2008 मध्ये दाखवलं, की कॉक्लियाच्या भिंतीला नवं भोक पाडण्यापेक्षा राउंड विंडोतून तार घातली तर नंतरची चक्कर कमी. यात रोबो कुठेही नाही.

मग रोबो विरुद्ध हात, थेट सामना? तार आत कुठे बसली या बाबतीत रोबोच्या बाजूनं काही ठोस आहे. पॅरिसच्या गटानं 2021 मध्ये केलेल्या तुलनेत रोबोनं घातलेल्या तारांमध्ये भरकटलेले इलेक्ट्रोड कमी निघाले. पण तोलाच्या बाबतीत ‘रोबोनं केलं म्हणून माणसं कमी पडली’ असं छातीठोक सांगता येईल इतका मोठा, दोन्ही गट चिठ्ठी टाकून वाटलेला पुरावा आज हातात नाही. झालेले अभ्यास लहान आहेत, बरेचसे एकेका रुग्णालयातले. त्यात एक मेख आहे, ती भावाला जरूर समजावून सांगा. ज्या केंद्रात रोबो असतो तिथले सर्जन सहसा खूप अनुभवी असतात, ते निवडक रुग्ण घेतात, मऊ आणि बारीक तार वापरतात, स्टिरॉइड देतात आणि राउंड विंडोतूनच जातात. रुग्णाचा तोल शाबूत राहिला तर श्रेय यातल्या कुणाचं? रोबोचं एकट्याचं काढून दाखवणं सोपं नाही. ‘रोबोत तोलाला धक्का लागत नाही’ हे वाक्य म्हणून मी मान्य करणार नाही. ‘तार सलग आणि हळू जाते, त्यामुळे धक्का कमी लागण्याची आशा आहे’ इतकं मान्य करीन.

आता आईंच्या कानांकडे येऊ.

तोलाच्या तपासण्या मागून घ्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत न्यूरो-ऑटॉलॉजीचे, म्हणजे कान आणि तोलाच्या विकारांचे, विभाग आहेत, चक्करेसाठीची खास क्लिनिक आहेत, तिथे या होतात. एकीत डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा बसवतात, समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर धरायला सांगतात आणि तपासणारा डोकं धरून अचानक, अगदी थोडंसं, एका बाजूला झटकन वळवतो. कानातली नळी काम करत असेल तर डोळे ठिपक्यावर चिकटलेले राहतात. करत नसेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि क्षणभरानं उडी मारून ठिपक्यावर परत येतात. ही उडी एकदा बघितली की विसरत नाही, साध्या डोळ्यांनीही दिसते. दुसरी कॅलरिक: कानात 30 आणि 44 अंश सेल्सिअसचं पाणी आळीपाळीनं सोडतात, थोडा वेळ गरगरतं, आणि दोन कानांतला फरक कळतो. तिसरी व्हेम्प. मोठा आवाज कानात सोडला की मानेच्या ताणलेल्या स्नायूत क्षणिक सैलावा येतो, तो नोंदवतात. आईंना ऐकू येत नाही मग हिचा काय उपयोग, असं वाटेल. पण ऐकू न येणाऱ्या कानातलं सॅक्युलसुद्धा आवाजाला प्रतिसाद देऊ शकतं, कारण ते ऐकण्यासाठी नाहीच. या तपासण्यांना जाताना सूचना मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या: ‘आता डोकं हलवणार’, ‘आता पाणी घालणार, थोडं गरगरेल’. ऐकू न येणाऱ्या माणसाचं डोकं न सांगता झटकलं की जीव घाबराघुबरा होतो.

निकाल काय येतो त्यावर पुढचं. दोन्ही कानांचा तोल आधीच जवळपास संपलेला निघाला, तर त्या बाबतीत गमावण्यासारखं फार थोडं आहे. मग तोलासाठी म्हणून रोबोमागे धावण्यात अर्थ नाही, आणि तोलाच्या भीतीनं ऐकण्यावर पाणी सोडण्यातही नाही. दोन्ही कान बऱ्यापैकी चांगले निघाले, तर एका कानात झालेली घट मेंदू काही आठवड्यांत बरीच भरून काढतो. अनुभवी हाताचा सर्जन पुरेसा आहे. खरी कसोटी तिसऱ्या शक्यतेत आहे: एक कान गेलेला आणि सगळा भार दुसऱ्यावर. अशा वेळी, ऐकण्याच्या दृष्टीनं दोन्ही कान सारखेच योग्य असतील, तर इम्प्लांट तोलाच्या दृष्टीनं अधू कानात करायचं आणि चांगल्याला हात लावायचा नाही. हा निर्णय घ्यायला लाखो रुपये लागत नाहीत, एक रिपोर्ट लागतो. रोबो आणि हात यांच्यात जो काही फरक असेल तो असो. तोलाचा एकुलता एक आधार असलेल्या कानात शिरणं आणि न शिरणं यातला फरक त्याहून फार मोठा आहे. आणि सीटी-एमआरआय बघून सर्जन म्हणाले, की ऐकण्यासाठी नेमका तोच चांगला कान घ्यावा लागणार, तर मात्र मी भावाच्या बाजूनं उभी राहीन: हळू, सलग तार घालण्याचं साधन कुठे मिळतं याची चौकशी करा, भारतातही करा. दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट कुणी सुचवलं, तर या तपासण्यांशिवाय होकार देऊ नका.

सर्जनना विचारायचं ते मोकळेपणानं विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. राउंड विंडोतून जाणार का? कुठल्या प्रकारची तार, आणि ती का? वर्षाला साधारण किती इम्प्लांट करता? तुमच्या वयस्कर रुग्णांपैकी किती जणांना महिन्यानंतरही तोलाचा त्रास राहिला? नंतर चक्कर आलीच तर बघणारं माणूस तुमच्याकडे आहे का? भाऊ ज्या केंद्राबद्दल बोलतोय त्यांना एक जास्तीचा प्रश्न: ऐन वेळी रोबो चालला नाही तर हातानं कोण करणार? कारण तशी वेळ येते, आणि तेव्हा टेबलाशी उभा असलेला हातच कामाला येतो.

न्यू जर्सीचा बेत मला स्वतःला पटत नाही, आणि त्याचं कारण रोबो नाही. इम्प्लांट म्हणजे एक ऑपरेशन नव्हे. टाके बरे झाल्यावर काही आठवड्यांनी स्विच-ऑन होतं, म्हणजे यंत्र सुरू करतात, मग मॅपिंग: प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा ते ठरवणं. सुरुवातीला ते वारंवार, नंतर वर्षानुवर्षं अधूनमधून. शिवाय आवाजातून पुन्हा शब्द ओळखायला शिकवणारी थेरपी, आणि ती मराठीत. आई ज्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करतात त्याच भाषेत ती व्हायला हवी. कानाबाहेर लावायचा प्रोसेसर बिघडला तर दुरुस्ती, केबल, बॅटऱ्या. हे सगळं पुण्यात, एसटीनं जाऊन येण्याच्या अंतरावर हवं. तिकडे विमा नसलेल्या पाहुण्या रुग्णाचा खर्च भाऊ उचलेलही, पण तोच पैसा चांगला प्रोसेसर, नियमित थेरपी आणि घरी मदतीला एक बाई यांवर घातला तर आईंना जास्त पुरेल. भावाचा जीव तुटतोय, तो दूर आहे, त्याला काहीतरी मोठं करायचंय. त्याला तोलाचे रिपोर्ट पाठवा, व्हिडिओ कॉलवर सर्जनशी बोलायला बसवा आणि ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस इकडे यायला सांगा.

ऑपरेशननंतर पहिले दोन-चार दिवस गरगरलं, उलटी झाली तर घाबरू नका. ते ओसरतं. काही दिवसांनी कूस बदलताना किंवा वर बघताना मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर आली, तर ते बहुधा आतल्या कानात सुटलेल्या बारीक कणांमुळे आहे. डोकं विशिष्ट क्रमानं वळवण्याची एप्ली ही युक्ती त्यावर आहे, जाणकारानं केली तर पुष्कळदा एक-दोन खेपेत बरं होतं. पण ताप आणि मान आखडणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, किंवा जोरात शिंकल्यावर एकाएकी भयंकर गरगरणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर ती घेऊन टाका. इम्प्लांट झालेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून ती देतात.

एका गोष्टीबद्दल मला राग येतो, तो सांगतेच. आपल्याकडे चक्कर म्हटलं की स्टेमेटिल किंवा स्टुजेरॉन लिहून दिली जाते आणि म्हातारी माणसं ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खात राहतात. दोन-तीन दिवसांच्या तीव्र त्रासाला ती ठीक आहेत. पुढे तीच गोळी मेंदूला सुस्तावते आणि जुळवून घेण्याचं काम रोखते. वर वयस्कर माणसांत हातपाय कंपणं, चाल मंदावणं हे पार्किन्सनसारखे त्रासही त्यातून होऊ शकतात. आईंच्या डब्यात अशी गोळी आहे का बघा, असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करण्याचं ठरवा.

तळपायांचं सांगायचं राहिलं. शुगरनं पायांच्या नसा बधिर होतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होतं, आणि आई शाकाहारी असतील तर ते मुळातच कमी असण्याची शक्यता जास्त. बी-12 च्या अभावी पायाखालच्या जमिनीची खबरच मेंदूला पोचत नाही. रक्ताची ही एक तपासणी आणि कमी निघालं तर त्याची इंजेक्शनं, इतक्या साध्या उपायानं चाल सुधारलेले रुग्ण मी पाहिलेत. मेटफॉर्मिन मात्र मनानं बंद करू नका. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तोही या हिशेबात धरा, कारण कान अधू असलेल्या माणसाचा अर्धा तोल डोळ्यांवर असतो.

आणि व्यायाम ऑपरेशननंतर नव्हे, आधीपासून. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेलच. आईंना ओट्याला पाठ टेकून त्याच्यासमोर उभं करा, एका तारखेवर नजर धरायला सांगा आणि नजर न सोडता मान डावी-उजवीकडे हलवायला सांगा, आकडा स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगानं. मग वर-खाली. अर्धा मिनिट, दिवसातून काही वेळा. ते जमलं की पाठ सुटी ठेवून, मग पाय जवळ घेऊन. तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात पुढे धरून, पण धरू नका. थोडं गरगरल्यासारखं होणं अपेक्षित आहे. मेंदूला चूक जाणवल्याशिवाय तो दुरुस्ती करत नाही. तोलाच्या व्यायामांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट एकदा गाठून पुढचे टप्पे ठरवून घ्या.

पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा आजपासूनच ठेवा. बाथरूममध्ये पकडायला भिंतीत पक्की बसवलेली दांडी. घरात मागून उघडी, सैल चप्पल नको. वाटेतली पायपुसणी उचला.

शेवटचं, आणि हे मी सगळ्यात काकुळतीनं लिहितेय. तुमच्या पत्रात डॉक्टर काय म्हणाले ते आहे, भाऊ काय म्हणाला ते आहे, आईंचं एकच वाक्य आहे, तेही भीतीचं. ऐकू न येणाऱ्या माणसाबद्दलचे निर्णय त्याच्यासमोर, पण त्याला वगळून होतात. माझ्यासमोर रोज होतात: मुलं माझ्याशी बोलतात, आई एकेकाच्या तोंडाकडे बघत बसलेली असते. एक वही घ्या, मोठ्या अक्षरांत लिहा. इम्प्लांटनं काय मिळेल: शब्द हळूहळू परत येतील, फोनवर नातवाचा आवाज कदाचित कळू लागेल, सुरुवातीला सगळे आवाज यंत्रासारखे वाटतील. काय जाऊ शकतं: त्या कानात उरलेलं थोडं ऐकणं, आणि तोलाचा काही भाग. तो किती, हे रिपोर्ट आल्यावर लिहू. मग वही त्यांच्या हातात द्या आणि त्यांना लिहू द्या. वाचायला, विचार करायला दोन दिवस द्या. त्या ‘पडायला नको’ म्हणतात त्यात हट्ट नाही. त्या एकदा पडल्यात, मनगट मोडून घेतलंय, त्यांना त्याची किंमत माहीत आहे.

रिपोर्ट आले की दोन्ही कानांचे आकडे मला या सदराच्या पत्त्यावर कळवा. स्ट्रेप्टोमायसिनबद्दल काही कागद मिळाला तर तोही. तोवर तिकीट काढू नका आणि पुण्याची तारीखही पक्की करू नका. श्रवणशक्ती हळूहळू गेलेल्या वयस्कर माणसात दोन-तीन आठवडे थांबल्यानं इम्प्लांटचा फायदा कमी होत नाही.